अंगणातली हरळी

पुण्यात घर बांधून झाले, तेव्हा पुढच्या मोकळ्या जागेचे काय करायचे, असा प्रश्न निघाला. फरशी घालावी असे घरातल्या मंडळींचे मत होते. हिरवळ लावावी असे माझे. शेवटी हिरवळ लागली. माझा युक्तिवाद प्रभावी ठरला म्हणून नव्हे, तर फरशीला पैसे उरले नव्हते म्हणून. आषाढात माळी गोणपाटात बांधून हरळीच्या काड्या घेऊन आला. त्याने त्या चार-चार बोटांच्या अंतरावर ओल्या मातीत खोचल्या, आणि दिवाळीच्या सुमारास २० फूट लांब व १५ फूट रुंद अशी हिरवी सतरंजी आमच्या दारात अंथरली गेली.

पुढल्या चैत्रात आबा, म्हणजे माझे वडील, गावाहून आले. नगरकडचे कोरडवाहू शेतकरी ते. संध्याकाळी मी नळी धरून हिरवळीवर पाणी मारीत होतो, आणि आबा पायरीवर बसून बराच वेळ ते पाहत होते. मग ते उठले, वाकून त्यांनी एक काडी उपटली, तिची पेरे बोटांनी चाचपली आणि म्हणाले, "अरे, ही तर हरळी! हिच्यापायी माझी कंबर गेली, आन् तू हिला नळाचं पाणी पाजतोस?"

मला उत्तर सुचले नाही. मी हसून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न हरळीच्याच मुळीसारखा मनात रुजून बसला, आणि त्याच्या मागे मागे जाताना हिरवळ नावाच्या वस्तूचा इतिहास माझ्या हाती लागला. आज तो वाचकांपुढे ठेवतो.

आबांचे वैर खोटे नव्हते. काळ्या रानात एकदा हरळी माजली की पीक खुंटते. तिचे आडवे खोड जमिनीखाली पसरते, पेरापेराला मूळ धरते, आणि नांगराने तिचे दहा तुकडे केले तर दहा नव्या हरळ्या उभ्या राहतात. म्हणून पूर्वी उन्हाळ्यात चार-चार बैलजोड्या लावून खोल नांगरट करीत, आणि मग बायकामाणसे उन्हातान्हात काशा वेचीत. वेचलेल्या काशांचा ढीग बांधावर वाळवून जाळीत. चिवट माणसाला आपण 'हरळीची मुळी' म्हणतो, ते असे सोसून म्हणतो.

आणि हीच हरळी भाद्रपदात दूर्वा होऊन देव्हाऱ्यात येते! अनलासुराला गिळल्यावर गणपतीच्या पोटात उठलेला दाह २१ दूर्वांच्या जुडीने शमला, ही कथा घरोघर सांगतात. शेतात जी वैरीण, तीच देवघरात मानाची. वनस्पती एक, नाती दोन. हिरवळ हे तिचे तिसरे नाते. पण ते आपल्या अंगणात जन्मलेले नाही. ते पाहायला आपल्याला आधी इंग्लंडला जावे लागेल.

इंग्लंडची हवा थंड आणि दमट. पाऊस बारा महिने थोडा थोडा पडतो. तिथे गवत कोणी लावावे लागत नाही. ते आपणहून उगवते आणि मेंढ्या ते कातरतात. अठराव्या शतकात तिथल्या जमीनदारांना वाटू लागले की आपल्या वाड्याच्या खिडकीतून दूरवर मऊ हिरवे रान दिसावे. लॅन्सलॉट ब्राऊन (१७१६–१७८३) नावाचा उद्यानकार या कामात प्रसिद्ध पावला. कोणतीही जागा पाहिली की 'इथे पुष्कळ करता येईल' असे तो म्हणे, म्हणून लोक त्याला 'केपेबिलिटी' ब्राऊनच म्हणू लागले. त्याने फुलांचे आखीव ताटवे काढून टाकले आणि गवत थेट वाड्याच्या भिंतीपर्यंत आणले.

आता मेंढ्या गवतावर हव्यात, पण दिवाणखान्याच्या दारात नकोत. आणि मध्ये कुंपण घातले तर देखावा बिघडतो. त्यावर तोड अशी निघाली की कुंपणाऐवजी खंदक खणायचा आणि त्याची एक बाजू बांधून उभी ठेवायची. खिडकीतून पाहणाऱ्याला खंदक दिसतच नाही, आणि मेंढीला तो ओलांडता येत नाही. अवचित समोर आला की माणसाच्या तोंडून उद्गार निघतो, म्हणून त्याचे नावच 'हा-हा' पडले!

वाड्यालगतच्या गवतावर मात्र मेंढ्या चालत नसत. तिथे मोठे विळे घेतलेले गडी पहाटे, दव असतानाच, ओळीने उभे राहून गवत कापीत. कारण ओले पाते विळ्याखाली सरळ तुटते, वाळले की लवते. कापलेले गवत बायका गोळा करीत. मालक उठून खिडकीत येई तेव्हा सगळे आवरलेले असे. ज्या जमिनीत गहू पिकला असता तिथे काहीच न पिकवता ती नुसती हिरवी ठेवणे, आणि त्यासाठी दहा माणसे राबवणे, ही श्रीमंतीची मोठी जाहिरात होती. हिरवळीच्या शोभेत हे असे दुसऱ्याचे हात पहिल्यापासून दडलेले आहेत.

हे हात कमी केले ते एका कारागिराने. ग्लॉस्टरशर परगण्यातल्या स्ट्राऊड गावाजवळ लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापड विणून झाले की त्यावरची लव सारखी कातरावी लागे, आणि त्यासाठी फिरत्या पात्यांचे एक यंत्र असे. एडविन बडिंग नावाच्या गृहस्थाच्या मनात आले की जे यंत्र कापडाची लव कापते, ते जमिनीची का कापणार नाही? १८३० मध्ये त्याने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. सद्‌गृहस्थांनी हे यंत्र स्वतः चालवावे, त्यात करमणूक आहे आणि व्यायामही, अशी शिफारस त्याने पेटंटाच्या अर्जातच करून ठेवली होती. पुढे १८३२ पासून इप्सविचच्या रॅन्सम्स कारखान्याने ती यंत्रे बनवायला घेतली. मग घोडा जुंपायची मोठी यंत्रे निघाली. खुरांनी गवत खचू नये म्हणून घोड्याच्या पायांत चामड्याचे बूट चढवीत!

या यंत्रामुळे हिरवळ जहागीरदाराच्या वाड्यातून निघाली आणि वकील-डॉक्टरांच्या घरापुढे आली. खेळांची मैदाने सपाट झाली. १८७७ साली विम्बल्डनला टेनिसची पहिली स्पर्धा झाली, तिच्यामागे जसे खेळाडू आहेत तसे बडिंगचे यंत्रही आहे.

इथे एक शंका वाचकांच्या मनात येईल. इतकी काटछाट सोसून गवत जगते कसे? झाडाचा शेंडा खुडला की त्याची वाढ तिथे थांबते. गवताचे तसे नाही. गवताचा वाढता कोंब टोकाला नसून बुडाशी, जमिनीलगत असतो. वरचे पाते गेले तरी खालून नवे सरकत येते. लाखो वर्षे चरणाऱ्या जनावरांच्या संगतीत वाढल्यामुळे त्याला ही विद्या साधली. मेंढी चरली काय आणि यंत्र फिरले काय, गवताला दोन्ही सारखेच. मात्र एक अट आहे. पाते हे गवताचे स्वयंपाकघर आहे. ते फार खरडले तर मुळांची उपासमार होते. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कापू नये, हा जो नियम जाणते माळी सांगतात, त्याचे मर्म हे आहे.

इंग्लंडमधली ही आवड अमेरिकेने उचलली आणि तिचे कर्तव्य करून टाकले. १८७० साली फ्रँक स्कॉट नावाच्या लेखकाने उपनगरी घरांच्या शोभेवर एक पुस्तक लिहिले. आपल्या अंगणाची शोभा कुंपणाआड लपवणे हे शेजारधर्माला सोडून आहे, असा त्याचा रोख होता. घरापुढची कुंपणे गेली आणि एकाची हिरवळ दुसऱ्याच्या हिरवळीला जाऊन भिडली. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, अध्यक्ष विल्सन यांनी व्हाईट हाऊसच्या हिरवळीवर मेंढ्या सोडल्या. गवत कापणारी माणसे मोकळी झाली आणि लोकरीचा लिलाव रेडक्रॉससाठी झाला. पण दुसऱ्या युद्धानंतर, १९४७ पासून, न्यूयॉर्कजवळ लेव्हिटाऊन नावाची हजारो घरांची वसाहत उभी राहिली, तिथे हंगामात दर आठवड्याला गवत कापण्याची अट घरमालकांना घातलेली होती. करमणूक म्हणून जे यंत्र आले, त्याचा शनिवार-रविवारचा वेठबिगार झाला.

त्याच सुमारास एक औषध बाजारात आले. त्याचे नाव टू-फोर-डी. ते रुंद पानांची झुडपे मारते आणि गवताला राखते. लोक हरखून गेले. पण त्या झुडपांत क्लोव्हर हेही होते. क्लोव्हर ही आपल्या मेथी-घासाच्या कुळातली तीन पानांची वनस्पती. तिच्या मुळांवरच्या गाठींतले सूक्ष्म जंतू हवेतला नत्र जमिनीला देतात. तोपर्यंत हिरवळीच्या बियाण्यात क्लोव्हर मुद्दाम मिसळीत असत. औषधाने क्लोव्हर मेले, गवताचे फुकटचे खत बंद झाले, आणि ते पोत्यातून विकत आणावे लागू लागले. जे औषधाने मारले त्यालाच मग तण म्हणायचे, असा न्याय झाला! १९६२ साली रेचेल कार्सनबाईंच्या पुस्तकाने फवारणीच्या विषांकडे जगाचे लक्ष वेधले. तरी हिरवळ वाढतच गेली. २००५ मध्ये उपग्रहांच्या साहाय्याने केलेल्या मोजणीत अमेरिकेतल्या हिरवळीचे क्षेत्र सुमारे १,६०,००० चौरस किलोमीटर भरले. म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याएवढी जमीन, आणि तिच्यात कणीस एकही नाही.

आता आपल्या घरी येऊ. इंग्रज हिंदुस्थानात आला तेव्हा हिरवळीची आवड बरोबर घेऊन आला. पण त्याच्या देशाचे गवत थंड हवेतले. ते दख्खनच्या वैशाखात तगणारे नव्हते. तेव्हा त्याने इथल्याच एका गवतावर हात ठेवला. ते म्हणजे आबांची वैरीण! मुंबई इलाख्यात साहेब लोक तिला 'हरियाली'च म्हणू लागले. बंगल्यांपुढे, जिमखान्यांत, परेडच्या मैदानांवर हरळी पसरली. १८९९ ते १९०५ या काळात व्हाइसरॉय असलेल्या कर्झनने ताजमहालाच्या बागेची दुरुस्ती केली, तेव्हा मोगली बागेतली दाट झाडी विरळ होऊन तिथेही मोकळी हिरवळ आली.

हिरवळ आली आणि तिच्याबरोबर प्रश्न आला की तिच्यावर पाय कोणाचे पडावेत. मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर पारशी आणि हिंदू पोरे क्रिकेट खेळत. त्याच मैदानावर युरोपियन मंडळी पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनी गवत उखडून जमीन खडबडीत होई आणि दुसऱ्या दिवशी चेंडू कुठेही उसळे. साहेबांच्या स्वतःच्या जिमखान्याचे गवत मात्र शाबूत राही. तेव्हा १८८०च्या आगेमागे या खेळाडूंनी सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. शापूरजी सोराबजी यांनी या लढ्याची हकीकत १८९७ साली पुस्तकरूपाने छापली आहे. ती वाचताना वाटते, राजकीय हक्कांची भाषा आपले लोक किती लहानशा जागेवर, गवताच्या एका तुकड्यावर, शिकत होते! पुढे समुद्रकाठी भराव घातलेल्या जमिनीवर पारशी, हिंदू आणि मुसलमान जिमखान्यांना जागा मिळाल्या. मरीन ड्राइव्हने जाताना त्या आजही ओळीने दिसतात.

पण गवत सांभाळणाऱ्याचे काय? त्याचे उत्तर पुण्यात आहे. पळवणकर बाळू हा चांभार समाजातला मुलगा पुण्याच्या एका पारशी क्लबात महिना ३ रुपयांवर मैदान झाडण्या-लोटण्याचे आणि रोलर फिरवण्याचे काम करी. १८९२च्या सुमारास तो युरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर लागला. तिथे सरावासाठी त्याला गोलंदाजी करायला लावीत. बाद केल्यास ग्रेगसाहेब दर खेपेस ८ आणे देत, असे सांगतात. फलंदाजी मात्र त्याला कोणी दिली नाही. पुढे हिंदूंच्या संघाने त्याला घेतले, ते वादावादी होऊन. आणि घेतल्यावरही चहा देताना तो बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. याच बाळूने १९११च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. त्याचा भाऊ विठ्ठल १९२३ साली हिंदू संघाचा कप्तान झाला. ज्या हिरवळीवर झाडू मारायला उभे केले होते, तिच्यावर या घराण्याने मानाची जागा मिळवली. हिरवळीच्या इतिहासात मला बडिंगच्या यंत्राहून ही गोष्ट मोठी वाटते.

हरळीची आणखी एक यात्रा सांगितली पाहिजे. अमेरिकेच्या दक्षिणेत ती फार पूर्वीच पोचली होती, आणि बर्म्युडा बेटावरून आली या समजुतीने तिला 'बर्म्युडा गवत' म्हणत. तिथल्या कापूस शेतकऱ्यांचेही तिच्याविषयीचे मत आबांसारखेच होते. जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन येथे ग्लेन बर्टन नावाच्या शास्त्रज्ञाने मात्र तिच्यात गुण पाहिला. तिचा आफ्रिकेतल्या एका बारीक पानांच्या बहिणीशी संकर करून त्याने १९५६ मध्ये टिफग्रीन आणि १९६० मध्ये टिफवे ही वाणे काढली. जगभरच्या उष्ण मुलखांतली खेळाची मैदाने आज या वाणांनी व्यापली आहेत. या संकराला बी धरत नाही. ते काड्या खोचूनच लावावे लागते, जसे माझ्या माळ्याने आषाढात लावले तसे.

हाच बर्टन बाजरीवरही काम करीत होता. त्याने तयार केलेल्या टिफ्ट २३ए या वाणावरून लुधियानाला एच. बी.-१ ही संकरित बाजरी निघाली आणि १९६५ साली ती शेतकऱ्यांच्या हाती पडली. आमच्या नगरकडच्या हलक्या रानांतही संकरित बाजरी आली, ती या वाटेने. म्हणजे ज्याने हरळीला सिंहासनावर बसवले, त्यानेच आबांच्या भाकरीलाही हात लावला होता! पुढे या बाजरीवर गोसावी रोग पडला आणि नवी वाणे काढावी लागली. शेतात काय किंवा अंगणात काय, मैलोगणती एकाच जातीचा पसारा मांडला की रोगाला मोकळे रान मिळते, हा धडा तेव्हा मिळाला.

आता कोणी म्हणेल, इतिहास झाला, पण हिरवळ राखायची कशी? खरे सांगायचे तर ते उत्तर याच इतिहासात आहे: गवताचा स्वभाव ओळखा. हरळी उन्हाची लेक आहे. आंब्याखाली तिला बसवाल तर ती झुरेल, तिथे दुसरे काही लावा. पाते धारदार ठेवा; बोथट पाते गवत कापत नाही, ओरबाडते, आणि टोके पिवळी पडतात. दीड इंचाच्या आसपास उंची राहू द्या. कापलेले बारीक गवत तिथेच पडू द्या. ते कुजून खत होते. पाणी रोज शिंपडू नका. रोजच्या शिडकाव्याने मुळे वरच लोळतात. आठवड्यातून एकदा-दोनदा, पहाटे, वीतभर खोल मुरेल असे द्या. लव्हाळा दिसला तर जमिनीखालच्या गाठीसकट खणून काढा, नुसता उपटला तर तो पुन्हा येईल. पावसाळ्याच्या तोंडी चाळलेले शेणखत आणि माती यांचा पातळ थर पसरा. आणि चार रानफुले हिरवळीत डोकावली तर त्यांना लगेच वैरी मानू नका.

शेवटची गोष्ट पाण्याची. ती मला २०१६ च्या उन्हाळ्यात शिकायला मिळाली. त्या वर्षी मराठवाड्यात भीषण टंचाई होती. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने क्रिकेटची मैदाने भिजवण्याचा प्रश्न विचारात घेतला आणि मे महिन्यातले बहुतेक आयपीएल सामने राज्याबाहेर हलवायला लावले. ती बातमी वाचली तेव्हा माझ्या हातात नळी होती. आबांना जाऊन तेव्हा काही वर्षे झाली होती. पण पायरीवरून त्यांनी विचारलेला प्रश्न मला पुन्हा स्वच्छ ऐकू आला. मी नळ बंद केला.

वैशाखात हिरवळ गव्हाच्या काडासारखी पिवळी झाली. घरच्या मंडळींनी फरशीची आठवण करून दिली. शेजाऱ्यांनी हळहळ व्यक्त केली. माळी म्हणाला, "साहेब, गेलं हे." मीही मनातून तसेच धरून चाललो होतो. मग मृग सरता सरता पाऊस आला, आणि दहा दिवसांत पेरापेरांतून हिरवे टोक बाहेर पडले. हरळी मेली नव्हती. कोरड्या दिवसांत ती वरचा संसार आवरून मुळाशी जाऊन बसली होती. आबांना जन्मभर जिने छळले ती हीच चिवट मुळी. आणि तिला पाण्यावाचून उन्हाळा काढता येतो तोही तिच्याच बळावर. बारा महिने हिरवे दिसण्याचा हट्ट हरळीचा नाही. तो विलायती डोळ्यांचा आहे, आणि मी तो विनाकारण चालवीत होतो. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याने २०२१ साली कायदा केला, की रस्त्याकडेच्या आणि कचेऱ्यांपुढच्या नुसत्या शोभेच्या हिरवळीला २०२७ पासून कोलोरॅडो नदीचे पाणी द्यायचे नाही. त्यांना कायदा करावा लागला. मला आबांचा एक प्रश्न पुरला.

तेव्हापासून फाल्गुनानंतर मी नळी गुंडाळून ठेवतो. उन्हाळ्यात आमचे अंगण पिवळे असते आणि त्याची मला लाज वाटत नाही. श्रावण लागला की भिंतीकडचा हातभर रुंदीचा पट्टा कापायचा नाही, असे मी माळ्याला सांगून ठेवले आहे. कापलेल्या हिरवळीत दूर्वांचे लुसलुशीत तुरे मिळत नाहीत. चतुर्थीच्या पहाटे आळीतली मुले परड्या घेऊन येतात, त्या पट्ट्यात बसून २१-२१ च्या जुड्या बांधतात, आणि उठताना गुडघ्यांची ओली माती झटकीत सगळी हिरवळ तुडवून जातात. मी त्यांना ओरडत नाही. गवत तुडवल्याने मरत नाही.